प्रोसेसर वाट कशाची बघतो: गेमिंग पीसीसाठी कॅश, रॅम आणि बायोस

रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळच्या दुकानातून गेमिंग पीसीचं कोटेशन आणलं, की ग्राफिक कार्डाचं नाव, प्रोसेसरचे कोअर आणि गिगाहर्ट्झ त्यावर ठळक असतात. रॅमच्या ओळीत ‘१६ जीबी डीडीआर५’ एवढंच. एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) किती, रॅमचा सीएल (मागितलेला आकडा द्यायला लागणारे क्लॉक) किती, स्टिक एक की दोन, यातलं काहीच नसतं. गेम मध्येच अडखळतो तो बहुतेक वेळा या न लिहिलेल्या आकड्यांमुळे. हे आकडे कसे वाचायचे, खरेदीत काय मागायचं आणि घरी आल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) काय लावायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी हिशोब

५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरचा एक क्लॉक, म्हणजे कामाचा एक ठोका, ०.२ नॅनोसेकंदाचा. रॅममधून एक आकडा आणायला आजच्या डेस्कटॉपवर साधारण ७० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ३५० क्लॉक.

एक क्लॉक म्हणजे एक सेकंद धरा आणि चुलीवर बांगड्याचं तिखलं करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. एल१ कॅश हा हाताशी असलेला मसाल्याचा डबा, ४-५ सेकंदांत हात पोचतो. एल२ ही मागची फळी, १४ सेकंदांच्या आसपास. एल३ ही माजघरातली कोठी, जाऊन यायला ५० सेकंद. तिरफळं तिथेही नसली तर पोराला वाडीतल्या दुकानात पिटाळायचं, तो सहा मिनिटांनी परत येणार. ते दुकान म्हणजे रॅम. दुकानातही नसेल तर एनव्हीएमई एसएसडी. तिचे ५० मायक्रोसेकंद या मापाने जवळपास तीन दिवस होतात, मुंबईहून मागवलेलं पार्सलच ते.

प्रोसेसर तोवर नुसता बसून राहत नाही. पुढच्या सूचना उचलून तो करता येईल तेवढं काम उरकतो. एएमडीच्या झेन ४ रचनेच्या कोअरमध्ये अशा ३२० सूचना एका वेळी हातात राहतात, इंटेलच्या बाराव्या पिढीच्या पी-कोअरमध्ये (ताकदीच्या मुख्य कोअरमध्ये) ५१२. शिवाय प्रीफेचर नावाचा भाग पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते आधीच मागवून ठेवतो. व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये डेटा ओळीने येतो, तिथे हा अंदाज बरोबर ठरतो. गेमचं तसं नाही. पात्रावरून त्याच्या शस्त्राचा पत्ता, शस्त्रावरून गोळीचा, गोळीवरून ती लागलेल्या भिंतीचा. पहिला पत्ता हातात आल्याशिवाय दुसरा कळतच नाही, मग अंदाज कशावरून बांधणार? अशा साखळीत कोअर खरोखर थांबून राहतो.

१४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमला ६.९४ मिलिसेकंद मिळतात. त्यात एकामागोमाग एक अशा दहा हजार फेऱ्या रॅमकडे झाल्या, तर ७० नॅनोसेकंदांच्या दराने ०.७ मिलिसेकंद, म्हणजे फ्रेमचा दहावा हिस्सा, नुसता थांबण्यात जातो. सेटिंग चुकून हाच दर ९० झाला, तर ०.९. यातून सुटायचे मार्ग दोनच. फेऱ्या कमी करायच्या, त्यासाठी कॅश मोठी हवी. नाहीतर प्रत्येक फेरी छोटी करायची, त्यासाठी चिपची रचना आणि रॅमचं सेटिंग नीट हवं.

चिपची रचना बघून प्रोसेसर निवडा

मोठ्या कॅशचा फायदा कळायला २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेला एएमडीचा रायझेन ७ ५८००एक्स३डी पुरेसा आहे. ५८००एक्सचे तेच आठ झेन ३ कोअर, कमाल वेग उलट ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आणलेला. फक्त ३२ एमबी एल३ वर आणखी ६४ एमबीची चकती चढवलेली, एकूण ९६. तरी गेममध्ये सरासरीने तो भावापेक्षा पुढे निघाला. फॅक्टोरिओ आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसारख्या, असंख्य वस्तूंचा हिशोब ठेवणाऱ्या गेममध्ये फरक ठळक दिसतो. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी याच घराण्यातले. ९८००एक्स३डीमध्ये ही जादा कॅश कोअरच्या खाली सरकवली, त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरकडे जाते आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो.

उलट दिशेचं उदाहरण स्वस्त पीसींमध्ये रोज दिसतं. रायझेन ५ ५६०० आणि ५६००जी. दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही झेन ३, दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. कोटेशनवर दोघांत फरक दिसत नाही. पण ५६०० ला एल३ आहे ३२ एमबी आणि ५६००जीला १६. वेगळं ग्राफिक कार्ड लावणार असाल तर ५६००च घ्या. रायझेन ५ ५५०० हा ५६००जीचाच ग्राफिकविना भाऊ, त्यालाही १६. एएम५ मध्ये, म्हणजे रायझेनच्या नव्या सॉकेटवर, ८४००एफला १६ आणि ७५००एफला ३२. नावात आठ हजार आहे म्हणून तो सात हजारच्या पुढचा, असं समजून पुष्कळ जण फसतात.

आता फेरीच्या लांबीकडे या. रायझेनच्या नेहमीच्या डेस्कटॉप चिपमध्ये कोअर एका तुकड्यावर असतात आणि मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) वेगळ्या तुकड्यावर, आयओ डायवर. दोघांमध्ये इन्फिनिटी फॅब्रिकचा पूल. रॅमकडे जाणारी प्रत्येक विनंती हा पूल ओलांडूनच जाते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत कोअर आणि मेमरी कंट्रोलर एकाच तुकड्यावर आहेत, म्हणून तिथे रॅम जवळ पडते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेत मात्र इंटेलनेही तुकडे केले आणि मेमरी कंट्रोलर कोअरपासून वेगळ्या टाइलवर गेला. कोअर नवे आणि ताकदीचे असूनही गेममध्ये ही मालिका चौदाव्या पिढीपुढे फारशी का गेली नाही, त्याचं मोठं कारण हेच. एप्रिल २०२५ मध्ये इंटेलने ‘२००एस बूस्ट’ नावाचं प्रोफाइल दिलं. ते टाइलमधल्या जोडण्यांचा वेग वाढवतं. झेड८९० बोर्ड आणि नावात ‘के’ असलेला प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत करून ते जरूर लावा, वॉरंटीला धक्का लागत नाही.

बारा-सोळा कोअरच्या रायझेनमध्ये कोअरचे दोन तुकडे असतात. एकाच तुकड्यातल्या कोअरना आपसात बोलायला २०-२५ नॅनोसेकंद लागतात, दुसऱ्या तुकड्याशी बोलायला ७०-८० च्या घरात. ७९५०एक्स३डीमध्ये तर जादा कॅश एकाच तुकड्यावर आहे. गेम चुकून दुसऱ्या तुकड्यावर धावला तर त्या कॅशचा उपयोग शून्य. त्यासाठी चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार दोन्ही अद्ययावत लागतात. नुसतं गेमिंगच करायचं असेल तर एका तुकड्याचा आठ कोअरचा एक्स३डी घ्या, ही कटकटच राहत नाही.

रॅम घेताना

रॅमच्या पाकिटावर दोन आकडे असतात, वेग आणि सीएल. सीएल हा क्लॉकमध्ये असतो, त्यामुळे नुसत्या सीएलची तुलना करून काही कळत नाही. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४-३२०० सीएल१६ चे १०. डीडीआर५-६००० सीएल३० चेही १०. डीडीआर५-४८०० सीएल४० चे मात्र १६.७. नवं म्हणून घेतलेलं स्वस्त डीडीआर५ जुन्या बऱ्या डीडीआर४ पेक्षा पहिला आकडा उशिरा देतं, ते असं. हे नॅनोसेकंद एकूण ७० मधला एक भाग आहेत. बाकीचा वेळ कॅश शोधण्यात, पूल ओलांडण्यात आणि कंट्रोलरच्या रांगेत जातो.

एएम५ साठी डीडीआर५-६००० सीएल३०, १६ जीबीच्या दोन स्टिक, हे माप ठरलेलं धरा. ८ जीबीची डीडीआर५ स्टिक शक्यतो टाळा. तिच्यावर रुंद चिप असतात आणि बँक ग्रुप (चिपमधल्या कप्प्यांचे गट) आठऐवजी चारच, त्यामुळे एकाच वेळी कमी विनंत्या पुऱ्या होतात. चार स्टिकही लावू नका. रायझेन ७००० वर चार स्टिक लावल्या तर अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन, ६४ हवी तर ३२ च्या दोन.

२०२५ च्या अखेरीपासून रॅम फार महागली आहे. अशा वेळी कुठे हात आखडता घ्यायचा हे कळलं पाहिजे. एक्स३डी प्रोसेसर असेल तर ६००० सीएल३६ किंवा ५६०० ची रॅम घेऊनही नुकसान थोडं होतं, कारण बहुतेक फेऱ्या कॅशमध्येच संपतात. साध्या प्रोसेसरवर हीच काटकसर जास्त बोचते. आणि एएम४ या आधीच्या सॉकेटचा बी४५० किंवा बी५५० बोर्ड, डीडीआर४ रॅम घरात असेल तर सगळं मोडून एएम५ कडे जाण्याआधी ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी मिळतो का ते बघा. बायोस अद्ययावत केला की जुन्याच रॅमवर तो चालतो.

एकच स्टिक असलेला पीसी असेल तर पहिला खर्च दुसऱ्या स्टिकचा. तोच वेग, तोच सीएल, जमलं तर तेच मॉडेल.

बायोसमध्ये काय लावायचं

आधी स्टिक कुठे बसवायच्या ते. चार खाचांच्या बोर्डवर प्रोसेसरपासून मोजत दुसरी आणि चौथी. पहिल्या दोन शेजारी शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर (रॅमकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) जातात आणि बँडविड्थ, म्हणजे एका वेळी येणारा डेटा, निम्मी होते.

मग एक्सपो (एएमडी) किंवा एक्सएमपी (इंटेल) चालू करा, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारं तयार प्रोफाइल. हे न केल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं आणि दुकानातून आलेल्या पुष्कळ पीसींत ते बंदच असतं. डीडीआर४-३२०० सीएल१६ ची रॅम प्रोफाइलविना २१३३ सीएल१५ वर पडून राहिली, तर दहा नॅनोसेकंदांचे चौदा होतात. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग बघा. सीपीयू-झेड या साधनात बघत असाल तर तिथे निम्मा आकडा दिसतो, ६००० ऐवजी ३०००, त्याने घाबरू नका. इंटेलच्या एच६१० बोर्डवर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही (अधिकृत वेगाच्या वर जात नाही), तिथे महागडी ३६०० रॅम घेणं म्हणजे पैसे वाया. बी६६० आणि बी७६० वर होते.

एक्सपो लावल्यावर एएम५ चा पीसी पहिल्यांदा सुरू होताना दोन-चार मिनिटं पडदा काळा राहतो. तो रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी वेळ जुळवून बघत असतो. बंद पडला असं समजून बटण दाबू नका. दहा-पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही, तर वीज काढा, बायोसचं सेटिंग पुसणाऱ्या सीएमओएस क्लिअरच्या पिना जोडा किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा, आणि पुन्हा सुरू करा.

आता झेनटायमिंग्ज हे छोटं साधन उघडा. ६००० वर एमसीएलके (रॅमचा क्लॉक) ३०००, यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचा) ३००० आणि एफसीएलके (इन्फिनिटी फॅब्रिकचा) २००० असं दिसलं पाहिजे. यूसीएलके १५०० दिसत असेल तर मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगाने चाललाय आणि रॅमवर घातलेले जादा पैसे तिथेच अडकले. बायोसमध्ये ‘यूसीएलके डिव्ह १ मोड’ शोधा आणि ‘यूसीएलके बरोबर एमसीएलके’ निवडा. ६४०० च्या वरची रॅम घेतल्यावर बोर्ड स्वतःहून निम्मा वेग लावतो, म्हणून एएम५ वर ७२०० ची रॅम ६००० च्या मागेही पडू शकते. एएम४ वर हीच जोडी डीडीआर४-३६०० आणि एफसीएलके १८०० अशी.

इंटेलवर हाच प्रकार ‘गिअर’ नावाने आहे. डीडीआर४ ला गिअर १ हवा. ३२०० रॅमवर एचडब्ल्यूइन्फो या साधनात मेमरी कंट्रोलरचा वेग १६०० दिसला तर गिअर १, ८०० दिसला तर गिअर २. आय५-१२४००एफसारख्या कुलूपबंद (ओव्हरक्लॉक न होणाऱ्या) प्रोसेसरवर ३६०० गिअर १ मध्ये टिकेलच असं नाही. न टिकल्यास ३२०० गिअर १ ठेवा. ३६०० गिअर २ पेक्षा ते गेममध्ये बरं. डीडीआर५ वर गिअर २ च असतो, तिथे छेडछाड नको.

व्होल्टेजबद्दल एक कडक सूचना. रायझेन ७००० आणि ९००० वर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाला जाणारं) १.३० च्या वर कधीही नेऊ नका. २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने नव्या बायोसमधून ही मर्यादा घातली. ६००० साठी १.२० ते १.२५ पुरतं. जुना बायोस असेल तर एक्सपो लावण्याआधी बायोस बदला.

रिफ्रेशचा वेळ

हा भाग हौशी लोकांसाठी, पण कोकणात राहणाऱ्याने समजून घ्यावा असा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे गळकं मडकं. ठराविक वेळाने ते पुन्हा भरावं लागतं. डीडीआर५ मध्ये दर ३.९ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश येतो आणि १६ गिगाबिटच्या चिपला त्यात २९५ नॅनोसेकंद जातात. म्हणजे साडेसात टक्के वेळ दुकान बंद. या दोन रिफ्रेशमधलं अंतर बायोसमध्ये टीआरईएफआय नावाने असतं. ६००० वर ते ११,७०० असतं. ३२,७६७ केलं तर दुकान बंद राहण्याचं प्रमाण पावणेतीन टक्क्यांवर येतं. एक पैसा न घालता मिळणारा हा फायदा आहे.

पण मडकं उन्हात जास्त गळतं. रॅम तापली की बिटमधला विद्युतभार लवकर ओसरतो. जानेवारीच्या रात्री तासन् तास बिनचूक चाललेलं टीआरईएफआय मे महिन्यात दुपारी दोन वाजता, वीज नुकतीच येऊन एसी अजून थंड व्हायचा असताना, चुका करू लागतं. ग्राफिक कार्डाची गरम हवा वर चढून नेमकी रॅमवरच जाते. डीडीआर५ स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तो आकडा दिसतो. गेम तासभर चालल्यावर तो ५० अंशांच्या खाली असेल तर ठीक. ५५ च्या वर जात असेल तर टीआरईएफआय मुळावर आणा किंवा कॅबिनेटमध्ये रॅमच्या दिशेने १२० मिमीचा पंखा लावा. ६५,५३५ पर्यंत नेता येतं म्हणून नेऊ नका.

खरंच फरक पडला का, ते मोजा

गेम १०८०पी आणि सर्वांत कमी ग्राफिकवर लावा. मग एफपीएस वाढले नाहीत तर अडथळा प्रोसेसर-रॅमचा. भरपूर वाढले तर ग्राफिक कार्डाचा, आणि मग वरचं काहीही करून फारसा उपयोग नाही. १४४०पी किंवा ४के वर खेळणाऱ्याने ही चाचणी केल्याशिवाय रॅमवर एक रुपयाही घालू नये.

कॅपफ्रेमएक्स या साधनाने गेममध्ये त्याच जागेवर, त्याच वाटेने ६० सेकंद नोंद घ्या, तीनदा. सरासरीपेक्षा १ टक्का लो (सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचे एफपीएस) हा आकडा बघा. कॅश आणि लेटन्सीचा (रॅमच्या फेरीला लागणाऱ्या वेळेचा) परिणाम तिथे आधी दिसतो, कारण अडखळणाऱ्या फ्रेम त्याच असतात. एका वेळी एकच बदल करा. रॅमची लेटन्सी थेट मोजायला इंटेलचं मेमरी लेटन्सी चेकर फुकट मिळतं, किंवा एआयडीए६४ वापरा. ब्राउझर बंद ठेवा. रायझेन ७००० वर एक्सपोसह ७० च्या आसपास आकडा आला तर सेटिंग नीट आहे.

त्यानंतर स्थिरता. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा, चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी, तेही दुपारच्या उकाड्यात. एकही चूक चालणार नाही. एका चुकीने गेम बंद पडला तर निभावतं, पण विंडोजच्या फाइली आणि फोटो हळूहळू खराब होत जातात आणि महिनाभर कारण कळत नाही. गेम शेडर तयार करताना बंद पडणं किंवा झिप फाइल उघडताना सीआरसी चूक (डेटा बिघडल्याचा इशारा) येणं, ही खूण ओळखा.

खारी हवा, पाऊस आणि वीज

किनाऱ्याजवळच्या घरात वर्ष-दोन वर्षांनी पीसी अचानक एकच स्टिक दाखवू लागतो, किंवा ट्रेनिंग अडकतं. रॅम गेली असं दुकानदार सांगण्याआधी स्टिक काढून सोनेरी पट्ट्या बघा. खाऱ्या दमट हवेने त्यावर मळकट थर बसतो. पेन्सिलचं खोडरबर घासायची पद्धत सर्रास आहे, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि कण खाचेत पडतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, एकाच दिशेने हलका हात. दहा मिनिटं सुकू द्या. घामाच्या बोटांनी पट्टीला हात लावू नका, नाहीतर पुन्हा तेच.

जून ते सप्टेंबर पीसी बंद ठेवून गावाहून मुंबईला जात असाल, तर घरच्या कुणाला तरी दोन दिवसांआड अर्धा तास सुरू करायला सांगा. आतली ऊब ओल बाहेर काढते. एसी गाडीतून आलेलं पार्सल लगेच उघडून लावू नका. थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. बंद खोक्यातच दोन तास राहू द्या.

बायोस अद्ययावत करताना यूपीएस हवाच, आणि आकाशात ढग नसलेला दिवस निवडा. लिहिणं चालू असताना वीज गेली तर बोर्ड उठत नाही. बायोस फ्लॅशबॅकचं (बिघडलेला बायोस पेनड्राइव्हवरून पुन्हा भरणारं) बटण असलेला बोर्ड मुळात घ्यावा तो यासाठी. बायोस बदलल्यावर एक्सपो, यूसीएलके आणि टीआरईएफआय सगळं पुसलं जातं, म्हणून आधीच बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला, की पॉवरची वायर काढताना लॅनची वायरही काढा. वीज त्या वाटेनेही येते.